चालकाची चूक

पप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. मधली बरीच वर्षं हा राग गप्प होता. गेल्या महिन्यात काश्मीरमधल्या एका डोंगरावर मांडीइतक्या बर्फात उभी असताना तो पुन्हा वर आला, म्हणून लिहायला बसले.

आधी काम सांगते. चिकलठाण्यातल्या ज्या कारखान्यात मी चाचणी बघते, तिथं बर्फावर चालणाऱ्या स्कूटरची चक्रं बनतात. ह्या गाडीला चाकं नसतात. मागं एक रुंद रबरी पट्टा फिरतो आणि इंजिनाचा जोर आधी एका बेल्टमधून, मग साखळीच्या दोन चक्रांतून त्या पट्ट्यापर्यंत जातो. डोंगरात अडकलेल्या माणसांना खाली आणणाऱ्या पथकासाठी आम्ही त्या दोन चक्रांतलं वरचं नवीन काढलं होतं, तेवीस दात्यांचं. माल पेट्यांत भरूनही झाला होता. फक्त चालवून बघायचं राहिलं होतं. तुडवलेल्या वाटेवर गाडी झकास पळाली, साहेब फोनवर खूश झाले. पण पथकाचा ड्रायव्हर, तुम्ही शेवटी होतात साधारण त्या वयाचा माणूस, हळूच म्हणाला, "मॅडम, लोग रास्ते पर नहीं फँसते."

दुसऱ्या दिवशी आम्ही वर जातो. बर्फ इतका भुसभुशीत की पाय टाकला की आतच. तो गाडी चढावर घालतो, अर्ध्यात इंजिनाचा आवाज बसतो, पट्टा जागच्या जागी बर्फ खणत राहतो आणि जळक्या रबराचा वास येतो. झाकण उघडलं तर बेल्टला हात लावता येईना. तीनदा तेच झालं. मग सोबत नेलेलं एकवीस दात्यांचं चक्र मी तिथंच बसवलं; वरच्या चक्राला दाते कमी असले की वेग घटतो, पण जोर वाढतो. माझी बोटं बधिर झालेली, साखळी हातातून निसटतेय, आणि तो माणूस वाऱ्याला आपल्या कोटाचा आडोसा धरून उभा. ह्या वेळी वेग कमी होता, पण गाडी थेट माथ्यावर जाऊन थांबली. मी साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की माल तयार आहे, अहवालात वाटेवरचेच आकडे द्या, आणि खोल बर्फाच्या रकान्यात लिहा, 'चालकाची चूक'.

पप्पा, हे शब्द मी आपल्या गारखेड्याच्या स्वयंपाकघरात वाचले होते. फक्त चालकाच्या जागी ऑपरेटर होतं. मी बारावीला होते, आई तव्यावर भाकरी टाकत होती आणि तुम्ही पाटावर बसून कारखान्यातला कागद पुढं धरला होता. तुम्ही कापलेल्या गिअरचे दाते गिऱ्हाइकाकडं तुटले होते. ह्या खेपेचं लोखंड बरोबर नाही, कापताना कळतंय, हे तुम्ही सुपरवायझरला आधीच सांगितलं होतं. जेवताना आम्हालाही सांगितलं होतं. मी विचारलं, मग सही कशाला करताय? तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू तुझी पुस्तकं बघ. ह्यात तोंड घालू नको." आणि सही केलीत, माझ्याच पेनानं.

त्यानंतर तुम्हाला मशीनवर घेतलंच नाही. मी लहान असताना खंडेनवमीला घरच्यांना कारखान्यात सोडायचे, तेव्हा माझं बोट धरून तुम्ही दात्याच्या कडेवरून नख फिरवायला शिकवलं होतं, कुठं अडकतंय का सांग म्हणत. त्याच हातांनी तुम्ही निवृत्तीपर्यंत खोक्यांना पट्ट्या मारल्या. तक्रार नाही, शिवी नाही. वर त्या सुपरवायझरला दिवाळीत घरी चहाला बोलावलंत आणि कप मला नेऊन द्यायला लावलात. ते मला आजही सहन होत नाही. लोक त्याला सोशिकपणा म्हणायचे. लई भला माणूस, म्हणायचे. मला त्या भलेपणाची चीड येते. त्यांनी तुम्हाला खोटं ठरवलं, आणि तुम्ही घरात आम्हाला ते गिळायला शिकवलंत.

मी अहवालात तसं लिहिलं नाही. साहेबांना म्हणाले, चूक चक्राची आहे आणि चक्र आपलं आहे. जळका बेल्ट अहवालासोबत पाठवला. पेट्या थांबल्या. आता एकवीस दात्यांची चक्रं कापली जातायत, पण त्या ड्रॉइंगवर माझं नाव नाही; मला फायलींच्या खोलीत बसवलंय. मी बसवलेलं चक्र ड्रायव्हरच्याच गाडीत राहिलं. परवा त्याचा फोन आला, एका नवरा-बायकोला वरून सुखरूप आणलं म्हणाला. मी खोलीचं दार लावून घेतलं.

तुमच्या पगारावर आम्ही चौघं जगत होतो, हे मला कळत नाही असं नाही. तरी राग जात नाही. हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, आईलाही दाखवणार नाही. कारण अजून एक लिहायचं आहे. ह्या नोकरीच्या मुलाखतीत वडील काय करायचे असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, सुपरवायझर होते. ऑफिसात अजूनही सगळ्यांना तेच माहीत आहे.