गिरणीपेक्षा मोठा आवाज

मंगळवार, १४ एप्रिल १९७०

आज आलेलं: कोळसा दोन पोती – एक पौंड बारा शिलिंग. चहा, साखर, पीठ मिळून अकरा शिलिंग चार पेन्स. बुटांच्या नाड्या – सहा पेन्स. आणि एक काळा खोका, लहानशा कपाटाएवढा – बावीस पौंड!

खोका डेरिकचा. पैसेही त्याचेच. म्हणून काय झालं? दोन आठवडे गिरणीत घाम गाळायचा आणि खोका आणायचा! ह्यातून म्हणे ट्रॉम्बोनचा आवाज मोठा होतो. आमच्या घरात ट्रॉम्बोन वाजला की ओढ्यापलीकडची मेंढरं माना वर करतात. तो आणखी मोठा कशाला?

"मोठा नाही गं आई, वेगळा करायचाय."

वेगळा! ह्या नव्या मंडळींच्या तोंडी दुसरा शब्द नाही. बँडचं नाव 'ब्रोकन लूम'. मोडका माग! माग मोडला की आमच्या गिरणीत बाईचा दिवस बुडायचा. ह्यांना ते नाव शोभेचं वाटतं. डेरिक सोडला तर एकानेही माग डोळ्यांनी पाहिलेला नाही. ऑर्गन वाजवणारी हिलरी – हॅरोगेटच्या डॉक्टरची मुलगी, लीड्सला कॉलेजात. ड्रमवाला जाइल्स – ह्याचे वडील काय करतात हे त्यालाही नीट माहीत नाही, म्हणजे नक्की श्रीमंत. एक गिटारवाला, त्याचा चेहरा केसांमुळे अजून दिसलेला नाही. आणि रूपर्ट. तो काहीच वाजवत नाही. व्हॅन चालवतो आणि बोलतो.

वाजवतात ते जाझ म्हणावं तर जाझ नाही, रॉक म्हणावं तर रॉक नाही. भांड्यांची फळी कोसळावी तसं काहीतरी.

रविवार, १९ एप्रिल

चॅपेलला डेरिक आला. प्रवचन चालू असताना मांडीवर बोटं. मी मोजलं – एक ते सात, परत एक ते सात. सात! देवाने माणसाला पाय दोन दिले. सातावर कोण चालणार?

शनिवार, २५ एप्रिल

चहाला पाचही जण आले. मी बोलावलं नव्हतं. डेरिक म्हणाला, "येतायत." म्हणजे ठरलेलंच. जाइल्सने पावाच्या कडा बशीत काढून ठेवल्या! एकवीस वर्षांचा घोडा. मी त्याच्यासमोरच त्या उचलून पुडिंगसाठी भांड्यात टाकल्या. लाजला नाही.

रूपर्ट माझ्या नवऱ्याला, अर्नेस्टला, म्हणाला, "मिस्टर बकली, तुमचा गावचा बँड म्हणजे अस्सल लोककला आहे!"

अर्नेस्ट तीस वर्षं ह्या पितळी वाद्यांच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतो. डेरिकला आठव्या वर्षी ह्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून त्यानेच ट्रॉम्बोन फुंकायला शिकवलं. त्याने कप खाली ठेवला. "लोककला नाही बाबा. मंगळवारी आणि गुरुवारी तालीम असते."

हिलरी फिस्सकन हसली. मग उठून म्हणाली, "मिसेस बकली, भांडी मी घासते." घासली. सगळी परत घासावी लागली.

जाताना दारात म्हणते कशी, "डेरिक आम्हाला सगळ्यांना धरून ठेवतो, माहितेय तुम्हाला?" मी म्हटलं, "त्याने स्वतःला धरून ठेवलं तरी पुष्कळ झालं."

गुरुवार, ३० एप्रिल

आज फुटलं एकदाचं!

सोळा मेला ओल्डमच्या टेक्निकल कॉलेजच्या हॉलमध्ये ह्यांचा कार्यक्रम. लंडनहून एक माणूस ऐकायला येणार – रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा. त्याला पसंत पडलं तर जूनमध्ये सगळे लंडनला. आणि डेरिक गिरणीत राजीनामा देणार! माग दुरुस्तीची उमेदवारी पाच वर्षांची. चार झाली. एक राहिलं. एका वर्षासाठी चार पाण्यात!

मी म्हटलं, "आणि तिथे खाणार काय? वेगळा आवाज?"

"आई, तू एकदा येऊन ऐक तरी."

"ऐकलंय. भिंतीतून."

"भिंतीतून नव्हे गं, समोर बसून."

 अर्नेस्ट युफोनियम पुसत बसला. तो पुसतो तेव्हा मला कळतं – आतून हललाय. पण बोलायचं कुणी? मीच! मी मॅट्रिक झालेली, वडील गेले म्हणून मागावर उभी राहिलेली बाई. भूक म्हणजे काय ते मला माहीत आहे. जाइल्सला माहीत नाही. पावाच्या कडा टाकणाऱ्यांबरोबर माझा मुलगा लंडनला जाणार!

शुक्रवार, १ मे

बोलणं बंद. डबा दिला. त्याने घेतला.

रविवार, १० मे

प्रभूपाशी एवढंच मागितलं – लंडनच्या माणसाची मोटार बंद पडू दे. वाटेतच. इजा कुणाला नको.

शुक्रवार, १५ मे

प्रार्थनेवर भरवसा ठेवावा, पण हातपायही हलवावेत. उद्या मीच जाणार. लंडनचा माणूस आला तर त्याला तोंडावर सांगणार की हा मुलगा कुठेही येणार नाही. शेजारच्या ॲलिसला बरोबर घेते. ती माझ्याच मागांच्या रांगेत होती, कुणाला भीत नाही. अर्नेस्ट म्हणाला, "विनी, तमाशा करू नकोस." मी म्हटलं, "तमाशा त्यांनीच लावलाय. मी फक्त तिकीट काढतेय."

सोमवार, १८ मे

काल पेंटेकॉस्टच्या सणाचा रविवार, म्हणून लिहिलं नाही. आज सगळं लिहिते.

मी आणि ॲलिस, दोघी हॅट घालून. हॉलमध्ये हॅट घातलेल्या आम्ही दोघीच. तीन-चारशे पोरं, बरीचशी जमिनीवर बसलेली – खुर्च्या रिकाम्या असताना! दिवे मंद झाले, ब्रोकन लूम सुरू झालं. आणि देवा रे! छातीच्या फासळ्या हलल्या.

पोरं एकमेकांच्या कानात ओरडत होती, तरी ऐकू जात नव्हतं. आम्हाला काय त्याचं? अकरा वर्षं चारशे मागांच्या शेडमध्ये काढली. तिथे कानाचा उपयोगच नाही. बायका ओठांनी बोलतात – आवाज काढायचा नाही, तोंड मोठं हलवायचं, पलीकडचीने वाचायचं. शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लग्नं जुळायची, भांडणं व्हायची. त्या हॉलमध्ये निवांत गप्पा मारणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

ॲलिस म्हणाली, "ती ऑर्गनवाली केस कधी विंचरते गं?"

मी म्हटलं, "नाताळला."

"आणि त्या ड्रमवाल्याला कोण चावतंय?"

मग मी लंडनचा माणूस शोधला. सोपं होतं. पलीकडच्या भिंतीपाशी, हिरवा मखमली कोट, शेजारी रूपर्ट. मोटार बंद पडली नव्हती. मी उठणार एवढ्यात त्याचे ओठ हलले. सवयीने वाचले. मुद्दाम नाही.

"पोरगी हवी. ड्रमवाला चालेल. ट्रॉम्बोन काढून टाका."

रूपर्ट म्हणाला, "डेरिकला?"

"नाव काय असेल ते. चर्चच्या मिरवणुकीत चालल्यासारखा वाजवतो. लंडनमध्ये लोक हसतील."

रूपर्टने बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोमवारी सांगतो त्याला. आज वाजवू दे."

मला आनंद व्हायला हवा होता. पंधरा दिवस गुडघे टेकून हेच तर मागत होते! दान पदरात पडलं होतं, मी फक्त घरी जायचं होतं.

आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. चर्चच्या मिरवणुकीसारखा? पहिली गोष्ट, चर्च नाही, चॅपेल – चर्च बड्यांचं, चॅपेल आमचं. दुसरी गोष्ट – हो! मग? तसाच वाजवतो! त्याच्या बापाने शिकवलंय. श्वास पोटातून, खांदे खाली. तुझ्या मखमलीला काय कळतंय?

तेव्हा कुठे मी डेरिककडे नीट पाहिलं. ऐकलंही, पहिल्यांदाच. ड्रम सातावर सैरावैरा पळत होते, गिटार किंचाळत होती, हिलरीचे दोन्ही हात ऑर्गनवर उड्या मारत होते. आणि त्या सगळ्याच्या खाली डेरिकने एक सूर धरला होता. लांब. सरळ. रविवारशाळेच्या मिरवणुकीत टेकडीवर वारा सुटतो, रेशमी निशाण उडून जाऊ बघतं, पोरं दोऱ्या सोडून पळतात – आणि एखादा माणूस काठी पोटाशी घट्ट धरून चालत राहतो. तसं. तो नसता तर बाकीचे कधीच उडून गेले असते.

आवडलं असं मी म्हणत नाही. कान अजून दुखतायत. पण कळलं.

त्याचा सूर संपला, ट्रॉम्बोन खाली आला. मी खुर्चीवर चढले. बुटांसकट! ॲलिसने माझा कोट मागून धरला. डेरिकने पाहिलं. लहानपणी ओढ्याकाठी खेळायचा तेव्हा मी खिडकीतून ओठांनीच बोलवायचे त्याला. मी तोंड मोठं करून म्हटलं, "डेरिक. ते तुला काढणार आहेत. सोमवारी सांगणार."

 मग त्याचे ओठ हलले. "माहितेय आई. मीही वाचले त्यांचे ओठ."

"मग वाजवतोयस कशाला? चल घरी!"

"आज तर आहे ना अजून. खाली बस. मला वाजवू दे."

आमच्या मध्ये चारशे माणसं. एकालाही कळलं नाही. त्याने ट्रॉम्बोन उचलला. मी खाली बसले.

मंगळवार, १९ मे

काल संध्याकाळी रूपर्ट आला. दारात मीच उभी.

"मिसेस बकली, डेरिक आहे का घरात? जरा महत्त्वाचं होतं."

"महत्त्वाचं ते तुम्ही शनिवारीच बोललात. भिंतीपाशी. हिरव्या कोटाशी."

तो एक पायरी खाली उतरला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. स्वच्छ बोलता तुम्ही, तेवढं मात्र कबूल करते."

डेरिक आतून आला, त्याच्याशी हात मिळवला! वर त्याला व्हॅनपर्यंत सोडून आला. त्याच्या जागी मी असते तर हात पिरगाळला असता. प्रभू क्षमा करो. आत्ता नको, नंतर.

शुक्रवार, २२ मे – व्हिट फ्रायडे

सकाळी पेंटेकॉस्टनंतरच्या शुक्रवारची मिरवणूक. रविवारशाळेची मुलं नव्या कपड्यांत, पुढे निशाण, मागे बँड. संध्याकाळी गावोगाव बँडच्या स्पर्धा. डेरिक पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. गणवेश मीच इस्त्री केला. पाद्री मिस्टर ओल्ड्रॉइड म्हणाले, "मुलगा घरी राहिला म्हणे! देवाची कृपा." मी मान हलवली.

घरी आल्यावर अर्नेस्ट बूट काढत म्हणाला, "विनी, पोराची एकही चूक झाली नाही आज."

"मग?"

"मग काही नाही." दुसरा बूट काढला. "एखादी झाली असती तर बरं वाटलं असतं."

काळा खोका जिन्याखाली कोळशाच्या फडक्याने झाकून ठेवलाय. डेरिकनेच. जेवताना बोटं स्वस्थ होती. मी मुद्दाम पाहिलं.

जे मागितलं ते सगळं मिळालं. तक्रार कुणाकडे करायची?

गुरुवार, २८ मे

डेरिकला हिलरीचं पत्र. वाचून त्याने घड्याळामागे ठेवलं. मी हात लावला नाही, विचारलं.

"ती लंडनला नाही म्हणाली, आई."

"नाही म्हणाली? वेड लागलंय का तिला?"

"म्हणाली, खाली धरायला कुणी नसेल तर वर नाचून काय करू."

जाइल्स आणि रूपर्ट लंडनला गेले. जाऊ देत, तिथे कडा काढून टाकायला भरपूर पाव मिळेल. राहिली हिलरी आणि तो केसाळ गिटारवाला. दोघांना अजून वाजवायचं आहे. पण कॉलेजचा हॉल सुट्टीसाठी बंद झाला, आणि हॅरोगेटला तिच्या वडिलांनी ऑर्गन अंगणातसुद्धा ठेवायचा नाही म्हणून बजावलंय. मी त्या डॉक्टरांना कधी पाहिलेलं नाही, पण मला ते आवडत नाहीत.

"मग आता?" मी विचारलं.

"मग काय. जागाच नाही. संपला विषय." आणि डबा घेऊन गिरणीत गेला.

शनिवार, ३० मे

आज टपालात टाकलेल्या पत्राची नक्कल:

मिस हिलरी यांस – आमच्या घराची पुढची खोली नाताळ, पाद्रीसाहेब आणि अंत्यविधी ह्यांच्यासाठी राखलेली असते. ती मी रिकामी केली आहे. ऑर्गन दारातून आत येईल, मोजून पाहिलं आहे. रविवारी वाजवायचं नाही. मंगळवारी, गुरुवारी डेरिकला गावच्या बँडची तालीम असते. भाडं नको. विजेचं बिल निम्मं द्यायचं. गिटारवाल्याने केस बांधून यावं. तुमचं संगीत मला आवडत नाही आणि आवडेल अशी आशा ठेवू नये. डेरिकला ह्यातलं काही माहीत नाही. तुम्ही केव्हा येताय ते उलट टपाली कळवा.