मिठाच्या पुरचुंड्या

मु. कोन, ता. पनवेल
ता. २० नोव्हेंबर १९५७

श्री. दयाराम भावजी यांस,
भामाचा नमस्कार. सासूबाईंचा आशीर्वाद हाय. त्या तो मोजून देतात, तवा जपून वापरा.

तुमचं पत्र वाचून दाखवलं तर सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आनि मी हसले. आमी इथं मिठागरात उभ्या, उन्हानं टाळू तापते. तुमी तिकडं काश्मिरात लष्कराचं टपाल घेऊन फटफटीवर फिरता आनि रडता काय, तर पाय गारठले! आमचे हे असते तर पोट धरून हसले असते. पाच सालं झाली त्यांना जाऊन, पण तुमची टिंगल करायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय असं समजा.

पार्सलात चार पुरचुंड्या हायत. माझ्या जुन्या लुगड्याच्या शिवल्यात, आत आपल्याच राशीचं मीठ. तव्यावर चांगलं परतायचं, भरायचं आनि बुटात बोटांपुढं सारायचं. सासूबाईंचे गुडघे त्यावरच चालतात.

एक बातमी. उलव्याच्या कमळाकर पाटलांनी माझ्यासाठी विचारलंय. त्यांची बायको वारली. आपल्यात विधवेचा पाट लावतात, त्यात लपवायचं काय नाय. सासूबाई म्हणतात, होळीच्या आत हो का नाय ते सांग. तुमी ह्यांचे लहानपणचे सोबती, म्हणून विचारते. तुमचं काय म्हणणं? मोठं लिवा. गारठलेत ते पाय, हात नाय.

आठवण असू द्या.
भामा

श्रीनगर
ता. १४ डिसेंबर १९५७

भामावयनीस दयारामाचा नमस्कार. काकीच्या पायाला हात लावतो.

पार्सल पोचलं. त्याआधी मी काय काय केलं ते ऐका. दोन मोजे घातले, तर बूट चढेना. बुटात वर्तमानपत्र कोंबलं, ते घाटात भिजलं. एकदा थांबलो तवा पाय फटफटीच्या धुराच्या नळीला टेकवून उभा राहिलो. जरा ऊब आली आनि रबराचा वास सुटला. बुटाचा तळ वितळला होता. साहेब म्हणाले, सरकारी बूट भाजून खायचा विचार हाय काय.

तुमचं मीठ खरं कामाचं. भटारखान्यातला गढवाली रोज सकाळी परतून देतो. पहिले दहा मैल पाय घरी असल्यासारखे असतात. मंग थंड होतं, पण तवर निम्मी वाट सरते. त्या लुगड्याचा रंग मला ठाऊक हाय. बळीरामानं तुमच्यासाठी ते पनवेलच्या बाजारातून आणलं तवा मी संगती होतो.

कमळाकर पाटलांचं घर चांगलं हाय. शेत हाय. बघा.

तुमचा
दयाराम

कोन
ता. ३० डिसेंबर १९५७

श्री. दयाराम भावजी यांस नमस्कार.

बुटाला सतरा ओळी आनि माझ्या जन्माला एक. “बघा” म्हणे! बघितलं. पाटील येऊन गेले. दोन बैल हायत, एक सोन्याचा दात हाय आनि तो दिसावा म्हणून ते उगाच हसतात. माणूस वाईट नाय. सासूबाईंनी चहा दिला, तर बशी स्वतः धुवून ठेवली. एवढं कोण करतं? म्हणून तर जीव घाबरा होतो, नाय म्हणायला निमित्त सापडत नाय.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यानं फटफटी गेली की आवाज मिठागरात येतो. काल मी फावडं टाकून बांधावर धावले. कोण गोरा साहेब होता, डोळ्यांवर काळा चष्मा. माझ्या संगती काम करणारी गोदूबाई विचारते, काय गं, कोण येणार होतं? मी म्हटलं, साप दिसला. डिसेंबरात बांधावर रोज साप दिसतो म्हणून आता बायका मला हसतात.

आणखी सहा पुरचुंड्या पाठवते. आता बुटाच्या आत मोज्यातच घाला, ऊब जास्त टिकेल.

होळी चार मार्चच्या सुमाराला हाय. कळावं.
भामा

लष्करी इस्पितळ, श्रीनगर
ता. २ फेब्रुवारी १९५८

भामावयनीस नमस्कार.

घाबरू नका, माझ्याच हातानं लिवतोय. दुसरं पार्सल पोचलं होतं. जानेवारीच्या सोळा तारखेला घाटात बर्फ पडलं, फटफटी रुतली. चार तास उभा होतो. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती डॉक्टरांनी काढली. बर्फामुळं झालं, दुसरं काय कारण नाय.

आता फटफटी बंद. या महिन्यात लष्करातून मोकळा करून घरी पाठवतात. पण मिठागराची जमीन पायानं तुडवावी लागते, ती माझ्याच्यानं आता होणार नाय. लंगड्याचा भार कोणी घेऊ नये. पाटलांना हो म्हणा. हे मी मनापासून लिवतोय.

काकीला बोटांचं सांगू नका.
दयाराम

कोन
ता. ११ फेब्रुवारी १९५८

दयाराम यांस,

“भावजी” मुद्दाम लिवलं नाय.

बर्फ म्हणे. मिठागरात जन्म गेला माझा. पावसाळ्यात रास कशी पाणी सोडते ते मी लहानपणापासून बघते. गार झालेलं मीठ ओल ओढून घेतं आनि मीच सांगितलं मोज्यात घाला. चार तास तुमची बोटं माझ्या खाऱ्या पाण्यात होती. तुमी ते लिवलं नाय, म्हणून मला जास्त लागलं. दोन दिवस भात गेला नाय. सासूबाईंनी विचारलं तवा सगळं सांगितलं, बोटांसकट. त्या रडल्या आनि मंग म्हणाल्या, पाट लावताना बोटं कोण मोजतो?

तवा ऐका. उलव्याला मी स्वतः निरोप धाडला, नाय म्हणून. पाटील बिचारे हसले नाय, दात झाकूनच राहिला.

पाप फेडायला मी तुमाला बोलवत नाय. पाप फेडायचं असतं तर काशीला गेले असते. बोटं होती तवाही मी बांधावर धावत होते. तुमी लाजरे, जन्मात विचारणार नाय, म्हणून मी विचारते. माझ्याशी पाट लावाल काय? तुडवायला माझे दोन पाय हायत. राशीजवळ बसून वजन बघायला माणूस लागतोच, आनि सध्याचा डुलक्या काढतो.

लोभ असावा असं शेवटी लिवायची रीत हाय. मी लिवत नाय. पत्रातला लोभ पाच सालं पुरवला. हो असेल तर टपालात घालू नका. पनवेलला एस्टीतून उतरा आनि माझ्या तोंडासमोर सांगा. नाय असेल तरी तिथंच उतरून सांगा.

दुपारच्या गाडीला मी रोज उभी असेन.

भामा