तीन लाख फॉलोअर्स आणि एक फेटा

५ ऑक्टोबर
ठरलं! ब्लॉगवर माझ्या अकाउंटच्या फॉलोअर्सचा आकडा लावायचा. म्हशींवर मी एवढं लिहितो, पण आकडा बघितल्याशिवाय लोकांना पटत न्हाय. रेडिमेड काही नको, स्वतः कोड लिहिणार. पाडव्याला गल्लीत म्हशी सजवून पळवतात, तिथं यंदा प्रमुख पाहुणा मीच. तालमीचा अध्यक्ष राजवर्धन म्हणाला, आकडा दाखव, फेटा बांधतो. राधानगरीहून सासरे, म्हणजे आबा, पण येणार हायेत. जावई दिवसभर मोबाईलात काय करतोय, असं लग्नापासून विचारतायत. बघतील आता.

८ ऑक्टोबर
कोड लिहायला बसलो. डोकं दुखलं. नेटवर एकाचा तयार मिळाला, जसाच्या तसा टाकला. पण मनापासून टाकला, म्हणजे माझाच की.

९ ऑक्टोबर, सकाळी
नाद खुळा! तीन लाख बारा हजार!
बायको संयोगिता म्हणाली, तिच्या मोबाईलवर माझे सत्त्याऐंशीच दिसतायत. सांगितलं तिला, ॲपला अपडेट व्हायला वेळ लागतो. ती भाकऱ्या थापायला गेली. टेक्निकल विषय तिला झेपत न्हाईत.

१४ ऑक्टोबर
आणखी चारशे वाढले. आठवडाभर मी एक ओळ लिहिली न्हाय. माझं न लिहिणं लोकांना आवडतंय. असंच चालू ठेवणार.

१८ ऑक्टोबर
चौकात माझं डिजिटल पोस्टर लागलं. 'तीन लाख मनांचा राजा, कृष्णातदादा!' मी गॉगलमध्ये, मागं शेजारच्या पिराजीकाकांची म्हैस. काका रुसले, म्हशीचं नाव टाकलं न्हाय म्हणून. लोकांच्या अपेक्षा काय बी असतात.
संयोगिता म्हणाली, कोड एकदा वाचून तरी बघा. चालत्या गाडीचं बॉनेट कोण उघडतं?

२२ ऑक्टोबर, पाडवा
फेटा बांधला. सासरे पहिल्या रांगेत, शेजारच्याला सांगत होते, माझा जावई हाय. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.
मग राजवर्धनला मोठ्या स्क्रीनवर ब्लॉग दाखवायची हुक्की आली. त्यानं आकड्यावर क्लिक केलं. लुधियानाचं केसांच्या तेलाचं दुकान उघडलं. कोडवाल्यानं नमुन्याला त्यांचं अकाउंट टाकलेलं. तिथं आपलं नाव घालायचं असतं म्हणे. तसं स्पष्ट लिहायला नको का? लिहिलं होतं, पण एवढं खाली कोण वाचतं!
गल्ली हसून लोळली. राजवर्धननं माझा फेटा उतरवून पिराजीकाकांच्या म्हशीच्या शिंगांना बांधला. तिला शोभला, च्यायला. सासरे जेवायला थांबले न्हाईत.

२३ ऑक्टोबर
कोडमध्ये माझं नाव घातलं. एकट्यानं दुरुस्त केला! आता आकडा एकदम अचूक. शहाऐंशी.
पण सत्त्याऐंशी होते की?
संयोगिता म्हणाली, सकाळी आबांचा फोन आलता. अनफॉलो कसं करायचं विचारत होते. तिनंच सांगितलं.