कुमुद, बँडेलला तू काय मागितलंस?

प्रिय कुमुद,

वर्ष होत आलं, तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एकदम पत्र! कारण सांगतो. नीलूच्या शाळेची ती चर्चांची सहल काल पुन्हा निघाली होती आणि मी गेलो होतो. तिथं तुझ्याबद्दल एक गोष्ट कळली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. आज ऑफिसला दांडी मारली. नीलू शाळेत गेली आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून लिहितोय, कारण बाहेरच्या खोलीत तुझा फोटो आहे आणि त्यात तू हसते आहेस.

येत्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध. तुझी अक्का पुण्याहून निघाली आहे, परवा सकाळी तिला उतरवून घ्यायला हावड्याला जायचंय. ती काय बोलणार ते मला आत्ताच पाठ आहे. "आमची कुमुद समाधानानं गेली हो!" तेराव्याला तिनं हे इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी शेवटी मीही मान डोलवायला लागलो. मंडळातल्या बायका अजून म्हणतात, असं मरण यायला पुण्य लागतं. माझ्या तोंडावर म्हणतात!

पण त्यांचा तरी काय दोष? तूच तर सांगत होतीस सगळ्यांना. भेटायला आलेल्यांना चहा करायला लावायचीस, उशीला टेकून बसायचीस आणि म्हणायचीस, "माझं सगळं झालं बघा. नीलू शहाणी आहे. ह्यांना वरणभात लावायला शिकवलाय. मी आपली निघायला मोकळी." बायका डोळे पुसत जायच्या. तू मात्र माझ्याकडे वळून विचारायचीस, "दूध तापवलंत का?"

तुझ्या चष्म्याची काच तडकली तेव्हा मी म्हटलं, घराजवळ बेहाल्यातच तो चष्मेवाला आहे, उद्या जाऊन टाकू नवी. तू म्हणालीस, "कशाला आता?" आणि मी गेलोच नाही. का ऐकलं मी तुझं? एरवी तुझं कुठं काय ऐकत होतो!

त्या दुखण्याचं नाव आपण घरात कधीच घेतलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या आणि आवडीचं खाऊ घाला. बाहेर आलो तर तू बाकावर बसली होतीस. काय म्हणाले असं तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. टॅक्सीत आपण नीलूच्या गणिताबद्दल बोललो. केवढे शहाणे होतो आपण!

मग शाळेची ती नोटीस आली. रविवारी शहरातली जुनी चर्च दाखवायची, दुपारी बसनं शहराबाहेर बँडेलच्या चर्चला न्यायचं, पालक आले तरी चालतील. त्या दिवसांत शहरात रोज काही ना काही पेटलेलं असायचं, म्हणून अंधार पडायच्या आत परत आणू असंही खाली लिहिलं होतं. तू ती नोटीस दोनदा वाचलीस, तडकलेल्या काचेतून. "आपणही जाऊ या का?" मी तुझी टर उडवली. संकष्टीला चंद्र ढगाआड गेला तर उपाशी झोपणारी बाई, तुला चर्च कशाला पाहायची आहेत? तू म्हणालीस, "अहो, एक दिवस घराबाहेर तरी पडेन."

माहिती सांगायला ते रोझारिओबाबू होते, निवृत्त मास्तर. धोतर, कोट आणि काखेत छत्री. नाव पोर्तुगीज, बोलणं बंगाली आणि आपल्यासाठी त्यांची ती खास हिंदी. पहिलं मुर्गीहाट्याचं चर्च. आत शिरायच्या आधी तू दारातच चपला काढल्यास. "दरकार नहीं, बोउदी, जूता पहनके आओ," ते वहिनीला सांगावं तसे म्हणाले. तू कानाला हात लावलास. चपलांसकट देवासमोर? तुला नाहीच जमायचं. मग माझ्याकडे वळलीस, "अहो, जरा बघा हं."

आणि मी बघत उभा राहिलो. खरं सांगू? मला बरंच वाटलं. मी देवळात जात नाही तो चर्चमध्ये कशाला जाऊ? आणि मुर्गीहाट्यात दारातल्या चपला पापणी लवायच्या आत नाहीशा होतात, तेव्हा बहाणाही पक्का होता. मग धर्मतळ्याला तेच, मौलालीला तेच. सगळं जग आत जाऊन मूर्ती, रंगीत काचा, जुनी थडगी बघत होतं आणि मी फाटकाशी सिगरेट ओढत तुझ्या चपला सांभाळत होतो. मी त्या सहलीत फक्त दारं पाहिली. तुम्ही आत बराच वेळ लावलात म्हणून मी एकदा कुरकुरलोही.

बँडेलला मात्र एक गोष्ट बाहेर अंगणातच सांगितली, म्हणून मलाही ऐकू आली. जहाजाची ती उंच डोलकाठी. कुणी एक कप्तान वादळात सापडला, त्यानं मेरीमातेला नवस केला, जहाज वाचलं, म्हणून डोलकाठी काढून इथं वाहिली. मुली माना वर करून बघत होत्या. मी गोदीत आयुष्य घालवलेला माणूस, मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, जी जहाजं बुडाली त्यांच्या कप्तानांनी काय नवस केले नसतील?" तू माझ्यावर केवढी ओरडलीस! "तुम्ही गप्प बसा हो जरा!" चारचौघांत तू मला असं कधी बोलली नव्हतीस. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी धड बोललोही नाही.

त्यानंतर तू अंथरूण धरलंस ते धरलंसच.

काल मी नीलूसाठी गेलो असं मी स्वतःला सांगितलं. मुर्गीहाट्याला बस थांबली, मुली आत गेल्या. सांभाळायला काही नव्हतं. फाटकाशी नुसतं उभं राहून काय करायचं हे मला समजेना, म्हणून मी आत गेलो. बूट घालूनच गेलो, तू रागावली असतीस. आत गारवा होता आणि मेणाचा वास. रोझारिओबाबूंनी मला लगेच ओळखलं. केवढे खूश झाले! "दादा! इस बार आप अंदर आया! बोउदी किधर?" आणि मी तोंड उघडायच्या आत हसत म्हणाले, "बोउदी को मिल गया ना? जो माँगा था?"

मी म्हटलं, ती गेली. गेल्या वर्षीच, सहलीनंतर थोड्याच दिवसांत.

त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. छातीवर क्रूसाची खूण केली आणि ते मुलींकडे निघून गेले. नंतर दिवसभर माझ्या वाऱ्याला उभे राहीनात. धर्मतळ्याला मी जवळ गेलो की ते खांबाचा इतिहास सांगायला लागायचे. मौलालीला तर माझ्याकडे पाठच केली. मला कळेना, या माणसाला झालंय काय? आणि तू काय मागितलं होतंस, जे ह्याला माहीत आणि मला नाही?

शेवटी बँडेलला मी त्यांना गाठलं. मुली नदीकाठी शेंगदाणे खात होत्या. मी म्हटलं, मास्तर, मला सांगा. ते म्हणाले, "ना दादा, बोउदी मना किया था." मी त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. म्हटलं, आता तिला काय फरक पडतोय, मला सांगा.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्यात म्हणे अशी रीत आहे, नव्या चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं की एक मागणं मागता येतं. हे ते सगळ्या सहलींना सांगतात, मुली परीक्षेचे मार्क मागतात, हशा होतो. तू हसली नाहीस. दुसऱ्या चर्चमध्ये तू त्यांना हळूच विचारलंस, सगळीकडे एकच मागितलं तर चालतं का? ते गमतीनं म्हणाले, एकच कशाला, इतकी चर्च आहेत, एक मुलीसाठी मागा, एक दादासाठी मागा. तू म्हणालीस, "उन दोनों का हो जायेगा. मुझे एक ही माँगना है."

बँडेलला वर मेरीमातेची मूर्ती आहे ना, तिथं तू कठडा धरून रडलीस म्हणे. सगळे खाली उतरले तरी तू हलेनास. ते तुला बोलवायला वर आले, तर तू त्यांना म्हणालीस, "बाबू, मुझे जीना है. मुझे अभी नहीं जाना है." आणि मग म्हणालीस, "इनको मत बोलना. वो बाहर खड़े हैं."

कुमुद! मला नाही, अक्काला नाही, आणि त्या छत्रीवाल्या परक्या मास्तरांना? ज्यांचं नावही तुला नीट ठाऊक नव्हतं?

तू खाली आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मी विचारलं, काय होतं वर? म्हणालीस, "छान आहे हो, वारा येतो." आणि चपला पायात सरकवल्यास. मी ते खरं मानलं. वारा येत होता हेही खरंच असेल.

का लपवलंस? मी मोडून पडेन म्हणून? मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी रात्रभर स्वतःला विचारला. काहीच करू शकलो नसतो. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुंबईला नेलं असतं तरी तेच झालं असतं. पण आपण दोघं रडलो तरी असतो, कुमुद! तू त्या कठड्याशी एकटी रडलीस आणि मी खाली सिगरेट ओढत होतो. मग शेवटपर्यंत तू हसत उशीला टेकून बसायचीस, मोकळी आहे म्हणायचीस, ते सगळं कुणासाठी? आम्हाला सोपं जावं म्हणून? गेलं की सोपं! आम्ही सगळे अगदी निवांत बसलो होतो. तुझ्या धीराचं कौतुक करत होतो.

मास्तर सांगून झाल्यावर मला म्हणाले, दादा, तुम्हीही आज सगळीकडे पहिल्यांदाच आत आलात, मागा काहीतरी. मी वर गेलो. तोच कठडा, तीच मूर्ती. उभा राहिलो. हक्क होता म्हणे मला, एकेका चर्चमागे एक मागणं. पण मागायचं काय? जे हवंय ते कुणी देऊ शकत नाही आणि बाकी मला काही नको. खाली उतरलो. माझा विश्वास आधीही नव्हता. तुझा होता, तर तुला तरी काय मिळालं?

आता नीलूचं सांगायचंय. हेच मला सगळ्यात जास्त खातंय. तुझी पोर या वर्षात बदलली आहे. तुझं नाव काढलं की उठून जाते. तुझ्या साड्यांच्या कपाटाला हात लावत नाही. मला वाटायचं, वयच तसं आहे. दुर्गापुजोच्या सुट्टीत एकदा दिवे गेले होते, आम्ही दोघं अंधारात बसलो होतो, तेव्हा ती तिच्या त्या अर्ध्या बंगाली मराठीत म्हणाली, "बाबा, आई इतकी रेडी कशी होती? आम्हाला छोडून जायला तिला कष्ट नाही झाला? आपण तिला आवडत नव्हतो का?" मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, वेडी आहेस, आई फार धीराची होती. दिवे आले तशी ती पुस्तक घेऊन बसली.

पाहिलंस, काय झालं ते? तू धीर दाखवलास तो तिनं असा घेतला. पोर वर्षभर उरात धरून बसली आहे की आईला तिला सोडताना काही वाटलं नाही. आणि अक्का येऊन तिच्यासमोर पुन्हा समाधान, समाधान म्हणणार.

मला माहीत आहे, खरं सांगून काही सुधारणार नाही. तू येणार नाहीस. नीलूला आई नाही ती नाहीच, आणि आता आईचं रडणंही तिच्या वाट्याला येणार. यातून काही चांगलं निघेल अशी आशा मी धरलेली नाही. काल बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली होती आणि तिला हे सांगायचं की नाही, याचाच विचार करत मी हावड्याचा पूल ओलांडला.

तरी तुला वचन देतो. तू मना केलं होतंस, ते मी मोडणार आहे. वर्षश्राद्धाला पानं वाढल्यावर अक्का बोलायला लागली, की मी तिला सगळ्यांसमोर थांबवीन. म्हणेन, नाही अक्का, ती समाधानानं गेली नाही, तिला जायचंच नव्हतं. तिला वाईट वाटेल, वाटू दे. पण त्याच्याही आधी, आज संध्याकाळी नीलू शाळेतून आली की तिला जवळ बसवून सांगेन, तुझी आई तयार नव्हती गं, तिला तुझ्याजवळ राहायचं होतं आणि त्यासाठी ती दिसेल त्या देवाकडे रडली.

तुझा,
श्रीधर