कांद्याच्या रोपावर मांडव

प्रिय प्राची,

जयभीम.

तर सगळ्यात आधी शेवंताबाई आली. तुझ्या आजोबांची ही बहीण जवा येती तवा आधी तिचा आवाज येतो, मागनं ती येती. फाटकाच्या बाहेर रिक्षावाल्याला गुडघेदुखीवरचं औषध सांगत चांगली हसत व्हती, आन् फाटकाच्या आत पाय पडला तसा तिनं गळाच काढला. वहिनी गं माझी, काय हे होऊन बसलं गं! मी वसरीवर खाटंवर बसून एका हातानं शेंगा फोडत व्हते. ती गळ्यात पडली आन् शेंगा सांडल्या. तुझी आई त्या अजून खाटंखालनं गोळा करतीय. आई हितंच हाय, दौंडावरनं आठ दिवसांची सुट्टी काढून आलीय, माझी वेणी घालती आन् माझ्यावरच डाफरती. ती बरी हाय.

माझं काय झालं ते तुला ठाऊक हाय असं तुला वाटतंय. पर तुला जे सांगितलं आन् जे झालं त्यात दौंड ते दिल्ली एवढं अंतर हाय, म्हणून माझ्या हातानं लिहिते. कांद्याच्या रोपाला पाणी देताना ठिबकच्या नळीत पाय अडकला, पडले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, खुब्याला मुका मार लागला. शिरूरच्या डॉक्टरनं फोटो काढला, प्लास्टर घातलं, सहा आठवडे म्हणाला. बास, एवढंच. आन् एवढ्यासाठी तू फिनलंडातनं मंगळवारचं विमान धरून बुधवारी हितं येणार, पुढच्या हप्त्यातली परीक्षा तशीच टाकून देणार, असं काल तुझ्या बापानं सांगितलं. परीक्षा दिली न्हाई तर तिथलं चार महिन्यांचं शिकणं कुणी धरत न्हाई, हे बी त्यानंच सांगितलं. वर म्हणतो, आई, तू काळजी करू नकोस. तवापासनं माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलं न्हाई.

शेवंताबाईच्या मागनं तात्याबा आला, माझा धाकटा दीर, आन् संगं त्याचा पोरगा नवनाथ, तो हितंच गावात राहून कंपनीत जातो. सगळ्यांच्या हातात बिस्किटाचे पुडे. आजाऱ्याला भेटायला जाताना बिस्किटं न्यायची ही रीत कुणी काढली देव जाणे, मला पुढचे दात न्हाईत आन् जो तो कडकच आणतो. बरं, नुसतं भेटून गप बसावं, तर तसं न्हाई. पेशंटच्या उशाशी बसून कोण कोण कशानं गेलं ते सांगायचं, ही दुसरी रीत. शेवंताबाईनं तिच्या ओळखीच्या पाच बायका सांगितल्या. पाची पडल्या व्हत्या, पाची गेल्या. एक तर नुसतं बोट मुरगाळून गेली म्हणे. मी म्हणाले, शेवंता, तिचं वय किती व्हतं? तर म्हणती, चौऱ्याण्णव. आता बोटाचा काय दोष ह्यात तूच सांग.

ऐकून ऐकून वैताग आला, म्हणून मी डोळे मिटले. त्यांना वाटलं, झोपली. मग खरं बोलणं सुरू झालं. तात्याबा म्हणाला, तसं काही झालं तर मंडळी बसायची कुठं? पुढं अंगणात गाड्या लागतात. शेवंताबाई म्हणाली, मागं जागा हाय की. तर तात्याबा म्हणतो, व्हय, त्या कांद्याच्या रोपावर मांडव टाकू, रोप काय पुन्यांदा येईल. माझ्या रोपावर! दिवाळीच्या आधी वाफे केले, बी टाकलं, कोंबड्या हाकल्या, पडले ती बी त्याच्याच पायी, आन् हा त्यावर खुर्च्या मांडायला निघाला! मी डोळे उघडले आन् म्हणाले, तात्याबा, रोपावर पाय ठेवलास तर तुझाच मांडव आधी घालीन. त्यावर शेवंताबाई तुझ्या आईला म्हणती कशी, सुरेखा, वात झालाय गं, भ्रमात बोलाया लागली.

मग उठून बसले आन् तुझा विषय काढला. तुझा विषय निघाला की ही माणसं जरा गप बसतात, कारण कुणालाच काही ठाऊक नसतं. मला ठाऊक असतं. शेवंताबाई म्हणाली, एवढ्या लांब पोरगी धाडली, तिथं म्हणे दुपारी तीनलाच अंधार पडतो, मग शिकवतात कवा? मी म्हणाले, पडू दे की अंधार, तिथं लाईट जात न्हाई. तात्याबाला म्हणाले, तिथं मास्तरणीला नावानं हाक मारतात, मॅडम म्हणायचं न्हाई, आन् मास्तरीण बी रागवत न्हाई, उलट पोरांना विचारती तुमचं मत काय. तात्याबा म्हणाला, मग ती मास्तरीण कसली? मी म्हणाले, तुला चाळीस वर्षांत कुणी मत विचारलं न्हाई म्हणून तू असा झालास. हे बोलणं मला फार आवडलं, तुला सांगायचं म्हणून ध्यानात ठेवलं.

त्यांना मी तुमच्या हॉस्टेलातल्या धुण्याच्या मशीनचं बी सांगितलं. भिंतीवर कागद लावलेला असतो, ज्यानं त्यानं आपली बारी लिहायची, तुझी बेस्तरवारी सकाळी सातला. आपल्याकडं पाटाच्या पाण्याची बारी असती तशीच. आता हे त्यांना न्हाई सांगितलं, तुला सांगते. मागं तू म्हणालीस की तुझ्या बारीला कुणा पोरानं आपली कापडं घातली व्हती आन् तू मुकाट कापडं घेऊन वर गेलीस. फोनवर मी काही बोलले न्हाई, तुझा बाप जवळ व्हता. पर असं करू नकोस बाई. तुझे आजोबा पाण्याच्या बारीसाठी पाटकऱ्याच्या दारात जाऊन बसायचे, पाणी सुटल्याबिगर उठायचेच न्हाईत. भांडायचं न्हाई, आवाज चढवायचा न्हाई, नुसतं बसायचं. तू बी कापडं घेऊन तिथंच बस. बसलेल्या माणसाला उठवणं लई अवघड असतं.

आन् लोणच्याचं. शेजारच्या खोलीतल्या पोरीनं तुझी बरणी वास येतो म्हणून खिडकीबाहेर बर्फात ठेवली. माझं लोणचं! चिखलाचे जोडे ठेवावेत तसं बाहेर! आता तीच म्हणे ब्रेडला लावून खाती. तर तिला बरणी हातात द्यायची न्हाई. एक फोड द्यायची. मागितली तर दुसरी द्यायची. रडायला लागली तर दे मग बरणी, परक्या मुलखात तिची बी आई न्हाई.

तू मिरचीची फोडणी दिलीस आन् आगीची घंटा वाजून पाच मजल्यांवरची पोरं टॉवेल गुंडाळून बर्फात उभी राहिली, बंब आला, आन् तू हातात पळी घेऊन सॉरी सॉरी करत व्हतीस, हे मी जवा सांगितलं तवा शेवंताबाई एवढी हसली की तोंडातलं बिस्किट माझ्या प्लास्टरवर उडालं. म्हणाली, वहिनी, पोरगी आपलीच हाय गं, फिनलंडला जाऊन बी ठसका आपलाच. प्राची, तू गेल्यापासनं मी अशी गावभर सांगत फिरते. मला दुसरा धंदाच न्हाई. गिरणीत, दुकानात, विहारात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला बी सांगते. लई मजा येती. आन् तू ते सगळं अर्ध्यात सोडून येणार, मग मी काय सांगू?

आता रागाचं सांगते. तुझ्या बापाचा राग येतो. रेल्वेत एवढी वर्षं झाली, रुळाचा बोल्ट ढिला झाला तर चालता चालता आवाजावरनं ओळखतो, आन् आईचं हाड कुठलं मोडलं ते नीट न विचारता महेंद्र तुला फोनवर म्हणतो, ये बाळा. वर स्वतः रडला. नवनाथनं तो व्हिडिओ केला, त्यात मी दवाखान्याच्या बाकड्यावर आडवी, पदर कुठं, तोंड वाकडं, आन् मागनं त्यानं कसली तरी रडकी बासरी लावलीय. बासरी! माणूस जिवंत असताना! कंपनीत दिवसभर मोबाईल लॉकरात ठेवावा लागतो, म्हणून घरी आला की असं करतो. तो सगळ्या भावकीनं बघितला, मग ही बिस्किटं सुरू झाली. चार दिवस मी त्याला बोलतीय. तो मान खाली घालून चहा पितो.

आन् राग तुझा बी येतो. तिकीट काढायच्या आधी मला विचारायचं व्हतं. फोन केलास तवा तू रडत व्हतीस, म्हणून मी रडले, भोवती नऊ माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसलेली, त्यात कोण खरं बोलेल? म्हणून हा कागद. शेजारची गौतमी त्याचे फोटो काढून तुला धाडणार हाय. वाचायचं न्हाई असं तिला बजावलंय. वाचणारच ती.

तुला माझ्या शाळेचं कवा सांगितलं न्हाई. मी तिसरीत व्हते. तेराचा पाढा चालू व्हता, पाटीवर अर्धा झाला व्हता. ज्ञानूकाका शाळेच्या दारात आला, म्हणाला, आजी आजारी हाय, पाटी घे आन् चल. मास्तर म्हणाले, दोन दिवसांनी धाडा. गेले. आजीच्या उशाशी बसले. आजी तिसऱ्या दिवशी उठली आन् भाकरी थापाया लागली. पुढं नऊ वर्षं जगली, माझ्या लग्नात नाचली. पर तवर शेळ्या माझ्याकडं आल्या व्हत्या. कुणी शाळेत जाऊ नको म्हणलं न्हाई. कुणी आडवलं न्हाई. आज धाडू, सोमवारी धाडू, असं करता करता राहून गेलं. पुढं तू चौथीत असताना दौंडच्या क्वार्टरात उन्हाळ्याच्या सुट्टीत मला समोर बसवून लिहायला शिकवलंस, छडी घेऊन, तवा मला लिहिता यायला लागलं. आजीवर मी कवा चिडले न्हाई. आजारी पडणं काय तिच्या हातात व्हतं? पर कवा कवा मनात येतं, तिनं नुसतं एकदा म्हणायला पायजे व्हतं, मी बरी हाय, भागूला शाळेत सोडा. तिच्या तोंडचं सगळ्यांनी ऐकलं असतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. व्हिडिओत नवनाथ म्हणतो, आजी तुला बोलवतीय. त्यानं ते मनानं घातलं, असं मी सगळ्यांना सांगितलं, तुझ्या आईला बी. प्राची, ते मीच म्हणाले व्हते. त्या बाकड्यावर हात असा ठणकत व्हता की मला वाटलं, झालं, आता काय आपण उठत न्हाई. मी भ्याले. प्राचीला बोलवा म्हणाले, एकदा न्हाई, दोनदा. नवनाथला म्हणाले, काढ फोटो, धाड तिला. इंजेक्शन दिलं आन् घटकेत कळ थांबली, पर तवर ते तुझ्यापर्यंत पोचलं व्हतं. मग लाज वाटली आन् सगळा राग त्या पोरावर काढला, आन् त्यानं माझं नाव सांगितलं न्हाई. आज सकाळी त्याला बोलावून घेतलं, माफी मागितली. तुला खोटं सांगत न्हाई, त्या घटकेला तू मला पायजेच व्हतीस, आता बी पायजेस. पर मी बरी हाय. माझ्या हातानं लिहिते, मी बरी हाय. तिकीट परत कर, परीक्षा दे, आन् झाल्यावर पुढल्या महिन्यात येणार व्हतीस तशी ये. तुला आत्ता येऊ नको म्हणाले हे घरात अजून कुणाला मी सांगितलं न्हाई, आधी तुझा निरोप येऊ दे. शेवंताबाई आन् तात्याबा काल गेले. प्राचीला बघायला परत येतो म्हणालेत, बुधवारी, दुपारच्या एसटीनं.

तुझीच, खाटंवर बसलेली,
भागुबाई आजी
निमोणे