भात मागे शिजत असतो

नंदे, कल्पना कर. मी गॅसवर भात ठेवून अंगणात तुझ्याशी बोलतेय. भात दिसत नाही, तरी शिजतोय. फोनचंही तसंच. सकाळी तू आजोबांच्या फोनवर खेळत होतीस, तेव्हा ते कुठे आहेत हे मला कळवणारं हिरव्या चित्राचं अ‍ॅप मागे चालूच होतं. मग बॅटरी वाचावी म्हणून तू नेहमीसारखी सगळी अ‍ॅप वर सरकवून टाकलीस. पूर्वी ते तरीही चालू राहायचं. रविवारच्या अपडेटनंतर सरकवलं की गॅसच बंद होतो. अपडेटला ‘हो’ मीच म्हटलं होतं, तेव्हा तू मनाला लावून घेऊ नको गो.

आजोबा दहा वाजता बाहेर पडलेत. नकाशावर दिसत नाहीत, माझा फोन उचलत नाहीत, आणि हल्ली त्यांना घरची वाट आठवत नाही. मी शेजारच्या शुभमबरोबर नदीकडे जातेय. घरचा फोन टेबलावर आहे. त्यावरून केलास की त्यांना तुझा फोटो दिसेल, मग उचलतील. “कुठे आहात?” विचारू नको, घाबरतील. त्यांनी ते अ‍ॅप पुन्हा उघडलं की गॅस पेटेल आणि ते मला नकाशावर दिसतील.

आता गोष्टीचा शेवट. मुलगी रडली नाही. तिने फोन लावला आणि सावकाश म्हणाली, “आजोबा, हिरवं चित्र दिसतंय ना? ते दाबा बघू.”

आजी