रिकाम्या खाटेचे ठोके

सोमवार, संध्याकाळ

मी बनवलेलं ठोके मोजणारं यंत्र आज लिंबायतच्या कामगार वस्तीत, हृदयाचा त्रास असलेल्या एका मावशींच्या गादीखाली ठेवलं. हृदय थांबलं तर अलार्म वाजणार, म्हणजे त्यांचा मुलगा रात्रपाळीला निर्धास्त जाईल. मावशी चहाला उठल्या, तरी पडद्यावर ठोके संथ चालूच. खालच्या मजल्यावरच्या लूमचे, कापड विणणाऱ्या यंत्रमागांचे!

"मना जीव खाटवरच राही गया का रे भाऊ?" मावशी हसल्या.

मला हसता आलं नाही. यंत्र परत आणलं. माझ्या शांत खोलीत ते कधी चुकलं नाही, तेवढ्यावर मी का विसंबलो? आता यंत्रातून लूमचा ताल गाळायला गेलो आणि मावशींचेच ठोके गळाले तर?

रिकामी खाट अजून डोळ्यांपुढे धडधडते आहे.

तिथून निघताना मी म्हटलं होतं, लूम बंद असतील त्या दिवशी येतो. मावशी म्हणाल्या, "तो आवाज बंद पडना का मनं काळीज धडधडस."